गाडीतलं पाणी

गल्लीत ड्रेनेजची नवी लाइन टाकायचं ठरलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस घरोघर सांगत आला, गाड्या काढून घ्या, सोमवारी जेसीबी लागणार. शिवशरणांच्या घरापुढं तो जरा जास्तच थांबला. घराच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली एक गाडी उभी होती. कव्हर उन्हानं विरून त्याच्या चिंध्या लोंबत होत्या आणि चारही टायर बसले होते.

"चालू हाय का ही?"

"बघते," धम्मप्रिया म्हणाली.

"नसंल तर क्रेननं उचलून मैदानात ठिवतो की. तुमाला कशाला तरास."

"नको. बघते मी."

तो गेला. आत त्रिंबकअण्णा टीव्हीपुढं बसले होते. टीव्हीचा आवाज बंद होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे धम्मप्रियाला कळलं, पण ती काही बोलली नाही आणि तेही बोलले नाहीत. बापलेकीचं घरात असंच चालायचं.

गाडी दिपकची होती. दिपक तिचा धाकटा भाऊ. टॉवेलच्या एका कारखान्यात माल पाठवायच्या कामावर होता. ती लहानशी पेट्रोलवरची गाडी त्यानं सेकंड हँड घेतली होती आणि विजापूर रोडच्या एका मोकळ्या मैदानात बहिणीला चालवायला शिकवली होती. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तो कामाला म्हणून निघाला आणि कामावर पोचलाच नाही. गाडी नेली नव्हती. किल्ली फ्रिजवर होती. फोन दुपारपर्यंत वाजत होता, मग बंद झाला. स्टेशनवरच्या कॅमेऱ्यात एक पाठमोरा माणूस दिसला. तो दिपक असू शकतो, असं पोलीस म्हणाले. नसूही शकतो, असंही म्हणाले. घरात भांडण झालं नव्हतं. देणंघेणं, प्रेमप्रकरण, काही निघालं नाही. आई त्याच्या आधीच गेली होती. तेवढं एक बरं झालं, असं नातेवाईक म्हणायचे.

पहिलं वर्षभर धम्मप्रिया फिरली. पुणे, कल्याण, एकदा सुरत. दवाखाने पाहिले, दवाखान्यांच्या मागच्या खोल्याही पाहिल्या. मग कधीतरी तिला काही वाटेनासं झालं. वाईट नाही आणि बरंही नाही. स्थळं येत होती ती थांबली, की तिनंच थांबवली, हेही आता तिला नीट आठवत नव्हतं. ती एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर बघायची, सुई घालायची. ताईंचा हात हलका आहे, टोचलेलं कळतसुद्धा नाही, असं लोक म्हणायचे. ती मान हलवायची आणि पुढच्याचं नाव विचारायची.

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. रिटायर होऊन सोलापुरात, कुमठा नाक्याजवळ या घरात आले होते. दिपक गेल्यावर दर रविवारी सकाळी ते गाडीचं कव्हर काढायचे, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालायचे, सीटवर बसून इंजिन सुरू करायचे. थोडा वेळ तसंच बसून बंद करायचे आणि कव्हर परत घालायचे. गाडी एकदाही शेडबाहेर काढली नाही. पुढं त्यांचे गुडघे गेले आणि बॅटरीही गेली. मग सुरू करणं थांबलं. पाणी मात्र ते घालत राहिले.

संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "रेवणला बोलव. त्येचं गॅरेज चालू हाय का बघ."

रेवणसिद्ध होटगी रोडला गॅरेज चालवायचा. अक्कलकोटकडचा, पन्नाशीतला माणूस. दिपकची गाडी त्याच्याकडंच जायची. तो शनिवारी सकाळी आला. आल्यावर अण्णांच्या पाया पडला आणि दिपकबद्दल काहीही विचारलं नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास येत होता. ऑइल बदललं, नवी बॅटरी बसवली. प्लग काढून तिन्ही भोकांत थोडं थोडं ऑइल सोडलं आणि पाना लावून इंजिन हातानं फिरवून बघितलं.

"जाम नाही काका. फिरतंय."

"जाम कसं हुईल," अण्णा म्हणाले. "मी चालू करत हुतो की."

किल्ली धम्मप्रियानं फिरवली. दोनदा नुसती घरघर झाली. तिसऱ्यांदा इंजिन धरलं, सगळी गाडी थरथरली आणि मागून धूर आला. पांढरा, दाट धूर. शेडमध्ये मावेना, तेव्हा गल्लीत निघाला. समोरच्या बाईंनी दोरीवरचे कपडे काढून घेतले.

"घाबरू नका ताई," रेवणसिद्ध मागून म्हणाला. "लई वर्षं उभी होती. सायलेन्सरात पाणी धरतंय, ते तापून वाफ निघती. त्यात सकाळचा गारठा. इंजिन गरम झालं की आपोआप थांबंल. असू द्या चालू."

ती स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. अण्णा प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागच्या बाजूला बसले. आरशात तिला त्यांचे पाय आणि काठी तेवढी दिसत होती, बाकी सगळा धूर. गाडीच्या आत जुन्या फोमचा वास होता. पुढच्या कप्प्यात पेट्रोल पंपाच्या पावत्या होत्या आणि एक वाळून दगड झालेलं च्युइंगम. तिनं ते बघितलं आणि कप्पा लावून टाकला.

बराच वेळ गेला. तापमानाचा काटा वर आला. ऊन शेडच्या पत्र्यावर चढलं. धूर तसाच होता.

रेवणसिद्धनं तिच्या घरातलं एक स्टीलचं ताट मागून घेतलं आणि सायलेन्सरपुढं धरलं. ताटावर पाण्याचे थेंब जमले. त्यानं ते बोटानं पुसून वास घेतला.

"ऑइल जळत असतं तर धूर निळसर दिसला असता, चिकट लागला असता. पेट्रोल जास्त जात असलं की काळा. हे निव्वळ पाणी आहे."

"मग वाफच हाय की," अण्णा म्हणाले.

"वाफच आहे काका. पण सायलेन्सरातलं पाणी एवढा वेळ पुरत नाही. हे आतनं येतंय."

"लई दिस बंद हुती. थोडं थांब अजून."

ते थांबले. रेवणसिद्धनं विडी काढली आणि न पेटवता परत ठेवली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. धूर पातळ झाला असं अण्णांना दोनदा वाटलं, ते त्यांनी दोनदा बोलूनही दाखवलं. पातळ झाला नव्हता.

"थांब अजून," ते परत म्हणाले.

काटा आता मधल्या रेघेच्या वर सरकत होता. धम्मप्रियानं आरशातल्या त्या पायांकडं बघितलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. अण्णा काठी टेकत पुढं आले.

"बंद का केलीस?"

"तापायला लागली, अण्णा."

"जरा थांबली असतीस तर."

"नाही थांबत तो," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि ते आत निघून गेले.

दुपारी इंजिन गार झाल्यावर रेवणसिद्धनं रेडिएटरचं झाकण काढलं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेलं पाणी बरंच खाली गेलं होतं आणि खाली जमिनीवर एक थेंब सांडलेला नव्हता. त्यानं ते परत भरलं, झाकण न लावता धम्मप्रियाला गाडी सुरू करायला सांगितलं आणि तिला बोलावून दाखवलं. पाण्यातून बुडबुडे येत होते. आधी एखाददुसरा, मग एकसारखे.

"हे बघा. इंजिनाचं खालचं धड वेगळं आणि वरचं हेड वेगळं. दोघांच्या मधी गॅसकेट म्हणून एक पातळ पट्टी असती. पाण्याची वाट वेगळी आणि जळायची जागा वेगळी ठेवायचं काम तिचं. ती कुठंतरी खाल्लीय. पाणी आत शिरतंय आणि आतला गॅस पाण्यात येतोय."

मग त्यानं तिन्ही प्लग काढून फडक्यावर मांडले. दोन प्लगांची टोकं काळपट तपकिरी होती. तिसऱ्याचं टोक धुऊन ठेवल्यासारखं पांढरं होतं.

"तिसऱ्या सिलेंडरला आहे. ऑइलच्या पट्टीवर साय आली नाही, हे नशीब. ऑइलमध्ये पाणी गेलं नाही अजून. पण अशी चालवायची नाही. टोचन करून गॅरेजला न्यावी लागंल."

"न्या," ती म्हणाली.

टायरमध्ये हवा भरून, पुढं दोर बांधून एका टेम्पोनं गाडी गल्लीतून ओढत नेली. धम्मप्रिया स्टेअरिंगवर होती. दारात उभे राहून अण्णा बघत होते. शेडखाली गाडीच्या आकाराची कोरडी जमीन उरली होती.

मंगळवारी लॅबमधून घरी येऊन ती गॅरेजला निघाली, तर अण्णा कपडे घालून रिक्षा थांबवून उभे. "मी बी येतो," एवढंच म्हणाले.

रेवणसिद्धनं हेड खोलून बाकावर ठेवलं होतं. जुनी गॅसकेट बाजूला होती. तिसऱ्या गोलाच्या आणि पाण्याच्या भोकाच्या मधली जागा कुरतडल्यासारखी झाली होती. हेडच्या पाण्याच्या वाटांत गंज आणि चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं, तशा खपल्या पडल्या.

"गाडी कधी तापवली होती का ताई? रस्त्यात बंद पडली, काटा लालवर गेला, असं काही?"

"मला माहीत नाही. दिपक तर जपून चालवायचा."

"मग उभ्या उभ्या झालंय हे. बोअरचं पाणी आत तसंच राहिलं. त्यात वरचेवर थोडं थोडं सुरू करून बंद केलेलं. इंजिन पुरतं तापत नाही, ओल सुकत नाही, आत आणखी ओल धरती. ह्यापेक्षा गाडी चालवायची तरी, नाहीतर पाणी काढून कोरडी करून ठेवायची." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं तसा तो थांबला. "म्हणजे, तुमच्यावर नाही बोललो काका. सगळेच असं करतात. लोकांना वाटतं सुरू केली की चांगली राहती."

अण्णा बाकाजवळ उभे होते. त्यांनी हेडवर हात ठेवला होता आणि अंगठ्यानं त्या गंजलेल्या भोकाची कड चाचपत होते.

"मला म्हाईत हुतं की," ते म्हणाले.

अण्णांचा अंगठा त्या कडेवर फिरत राहिला.

"वर्कशॉपात इंजिन उभं करून ठिवायचं म्हटलं की पयलं काम पानी काढायचं. जन्मभर तेच केलं मी. नव्या पोरांना शिकवलं, की पानी ठिवलं की इंजिन गेलं म्हनून समजा."

रेवणसिद्धनं हळूच विचारलं, "मग काढलं का नाही काका?"

अण्णांनी हात हेडवरून काढून धोतराला पुसला. काळा डाग पडला.

"पानी काढलं म्हंजे गाडी बंद ठिवली आसं हुतंय," ते म्हणाले. "त्यो आला आन् म्हनला, चला अण्णा, कुटंतरी जाऊन येऊ, तर?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याच्या टेपचा आवाज गॅरेजभर भरला आणि लांब जाऊन विरला. धम्मप्रिया त्या बाकावरच्या खपल्यांकडं बघत उभी होती. आपल्याला आता रडू यायला पाहिजे, असं तिला वाटलं. तिनं वाट बघितली. आलं नाही. मग ती अण्णांच्या जवळ सरकली आणि त्यांचा दंड धरला. शीर बघायला धरते तसा नाही, नुसताच.

"बसा अण्णा. उभं राहून पाय दुखतील."

ते बसले. रेवणसिद्धनं चहा सांगितला.

"हेड फुटलेलं नाही," चहा पिताना तो म्हणाला. "अक्कलकोट रोडला लेथवाल्याकडं देतो, फेसिंग करून सपाट करून घेतो. गॅसकेट नवी, पाण्याच्या वाटा साफ करायच्या, रेडिएटर धुवायचं. आता पाणी नाही घालायचं, कूलंट घालायचं. गाडी पळंल. पण काका, करायचं ना? का भंगारात द्यायची?"

धम्मप्रियानं अण्णांकडं बघितलं. उत्तर त्यांनी द्यावं असं तिला वाटत होतं.

"भंगारात न्हाय द्यायची," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "उभी बी न्हाय करायची. प्रियाला कामाला न्हेऊ दे."

"कागदं कुणाच्या नावावर आहेत?" रेवणसिद्धनं विचारलं. "इन्शुरन्स जमंल. पण पुढच्या वर्षी पासिंग संपतंय, तेव्हा मालकाची सही लागंल."

अण्णांनी चहाचा कप अर्धाच खाली ठेवला.

घरी येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "त्यो वकील काय म्हनला हुता मागं?"

वकील दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, त्याला कायद्यानं मयत धरता येतं. कोर्टात अर्ज करावा लागतो, पेपरात नोटीस द्यावी लागते. वेळ आली की या, म्हणाले होते. त्या दिवशी अण्णा वकिलांच्या समोरून उठून निघून आले होते आणि घरी येऊन गाडीत पाणी घातलं होतं.

"सांगते नंतर," धम्मप्रिया म्हणाली.

"आत्ता सांग की. ऐकतो मी."

तिनं सांगितलं. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

गाडी दहाबारा दिवसांत तयार झाली. रेवणसिद्धनं सकाळी गार इंजिनावर सुरू करून दाखवली. मागून थोडीशी पांढरी वाफ आली, तिला कूलंटचा गोडसर वास नव्हता, आणि इंजिन तापायच्या आत ती विरूनही गेली. झाकण काढून बघितलं तर बुडबुडा नव्हता. धम्मप्रियानं गाडी बाहेर काढली. क्लच सोडताना पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. सात रस्त्याच्या सिग्नलला मागच्या बसनं हॉर्न दिला, तर ती दचकली. बऱ्याच दिवसांनी असं काही झालं, हे तिला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

मग ती गाडीनं कामाला जायला लागली. पावसाच्या आधी गल्लीतला रस्ता झाला. कोर्टात अर्ज गेला, पेपरात नोटीस आली. दिपकचा फोटो कॉलेजातला होता, मिशी नुकती फुटलेली. तो पेपर अण्णांनी घडी घालून टीव्हीखाली ठेवला. नोटिशीवर कुणाचाही फोन आला नाही.

दिवाळीच्या आधी अण्णांची साक्ष झाली. ते पांढऱ्या सदऱ्यावर कोट घालून, कोटाच्या खिशाला अशोकचक्राचा जुना निळा बिल्ला लावून आले होते. पुकारा झाल्यावर पिंजऱ्यात गेले. न्यायाधीश बाई होत्या, वयानं धम्मप्रियाएवढ्याच. त्यांनी फार विचारलं नाही. मुलगा कधी गेला, शोध कुठं कुठं घेतला, पोलिसांत कधी कळवलं. अण्णांनी सरळ उत्तरं दिली.

"गेल्या सात वर्षांत तो जिवंत असल्याची काही बातमी, फोन, पत्र, कुणी बघितलं, असं काही तुम्हाला कळलं का?"

अण्णांनी पिंजऱ्याचा लाकडी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"न्हाय," ते म्हणाले.

टायपिस्टनं ते उतरवून घेतलं. मागच्या बाकावर बसलेल्या धम्मप्रियाच्या तळहातांना घाम फुटला होता. तिनं ते ओढणीला पुसले. ते परत ओले झाले.

निकालाला अजून तारीख होती. वकिलांना नमस्कार करून दोघं बाहेर आली. अण्णांना पुढच्या सीटवर बसवून तिनं त्यांचा पट्टा लावला. काही खाता का विचारलं, तर ते नको म्हणाले. पार्क चौकापर्यंत ते जागे होते, दुकानांच्या पाट्या बघत होते. मग त्यांची मान एका बाजूला कलली आणि तोंड थोडं उघडं पडलं. सात वर्षांत दिवसा झोपलेले तिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं. रात्रीही ते फाटकाच्या आवाजानं उठायचे.

घराकडं वळायचं होतं तिथं ती वळली नाही. गाडी होटगी रोडला लागली. कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं ती सावकाश चालवत राहिली, खड्डा आला की ब्रेक अलगद दाबत. समोरची काच धूसर झाली, म्हणून तिनं वायपर लावला. काच कोरडीच होती. वायपर घासत गेला. तिनं तो बंद केला आणि डोळे पुसले.

बऱ्याच वेळानं अण्णा जागे झाले.

"कुटं आलो?"

"होटगीच्या पुढं."

"का?"

"असंच."

अण्णांनी बाहेर बघितलं. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी होती, गुडघ्याएवढी. त्यांनी काच थोडी खाली केली, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि पाय लांब करून नीट बसले.

"चल मग," ते म्हणाले.